गुठळी न होणारं पीठ

लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "दुबईत काय करत होता तुम्ही?" मी सांगतो, "पीठ विकत होतो." समोरच्याचा चेहरा पडतो. आखातातून परतलेल्या माणसाने सोनं, तेल, गेला बाजार सिमेंट तरी विकलेलं असावं, अशी लोकांची अपेक्षा असते. पीठ काय, कोपऱ्यावरचा वाणीही विकतो. मग मी सांगतो की माझं पीठ साधं नव्हतं, ते सरळ उकळत्या पाण्यात भुरभुरलं तरी गुठळी होत नसे. यावर पुरुष मान डोलावून दुसरा विषय काढतात. बायका मात्र थांबतात. "अजिबात नाही होत?" असं डोळे बारीक करून विचारतात. पाहुण्यांच्या पानात एकदा तरी गुठळ्यांचं पिठलं वाढलेलं असेल, तर त्या पिठाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

मी मूळचा कुडाळकडचा. मुंबईत एका मैद्याच्या गिरणीत केमिस्ट होतो. नव्वदीच्या सुरुवातीला दुबईच्या देरा भागातल्या एका कंपनीत लागलो. हॉटेलांना आणि मोठ्या किचनांना लागणारा परदेशी माल ही कंपनी पुरवत असे, आणि त्यातलं हे अमेरिकन पीठ माझ्या गळ्यात पडलं. कार्डावर 'टेक्निकल सेल्स' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात गाडीत पिठाची पोती टाकायची, पातेलं आणि पळी घ्यायची आणि दारोदार सॉस करून दाखवायचा, हे काम. गारुड्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझ्या पेटारीत साप नव्हता.

थोडं पिठाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साधं पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचा थर आधी भिजतो, शिजतो आणि चिकट होतो. आतल्या कोरड्या पिठाला पाणी मिळायची वाटच बंद होते. ही गुठळी. तिच्याशी माणूस फार पूर्वीपासून झुंजतोय. आपल्याकडे एका हाताने पीठ सोडतात आणि दुसऱ्याने पळी फिरवतात. कुणी आधी थंड पाण्यात कालवून घेतं. फ्रेंच लोकांनी पीठ लोण्यात परतून घ्यायची रीत बसवली. कणाकणाला लोणी लागलं की ते एकमेकांना धरत नाहीत. या परतलेल्या पिठाला ते 'रू' म्हणतात, आणि युरोपातले निम्मे सॉस या रूवर उभे आहेत.

नेमकं हेच दुखणं दुधाच्या पावडरीलाही होतं. तिकडे कुणीतरी डोकं लढवलं आणि उलटाच विचार केला. पावडर आणखी बारीक करत बसण्याऐवजी तिला वाफेचा ओझरता स्पर्श द्यायचा, कण एकमेकांना सैलसर चिकटू द्यायचे आणि मग वाळवायचे. असे रवाळ दाणे तयार होतात, त्यांच्या आत फटी राहतात, फटींतून पाणी झटकन शिरतं आणि दाणा बुडून सुटा होतो. म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून आधीच लाखो बारीक गुठळ्या करून ठेवायच्या. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हे. साठच्या दशकात हीच युक्ती अमेरिकेत पिठाला लागली आणि ग्रेव्हीसाठीचं झटपट पीठ घरोघरी पोचलं. मी स्वतः पिठातलाच माणूस, पण हे मला सुचलं नसतं. ज्याला सुचलं त्याला मी मनोमन कितीतरी वेळा हात जोडले आहेत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. शारजात एक इजिप्शियन हॉटेलवाला होता. त्याच्याकडे मॅकरोनीवर पांढऱ्या सॉसचा जाड थर देऊन भाजायचा पदार्थ चाले. तो घड्याळ लावून बसला आणि मला म्हणाला, "यल्ला, दाखव." चार मिनिटांत सॉस दाट झाला तेव्हा त्याने पातेल्याखाली वाकून बघितलं, खाली दुसरं पातेलं तर नाही ना म्हणून. दुबईतल्या करामा वस्तीतल्या एका वहिनींनी माझ्याकडून हौसेने पुडा नेला आणि त्याच्या पोळ्या लाटल्या. हे पीठ सॉसचं, त्यात चिवटपणा जवळजवळ नाही, पोळपाटावरच नकाशे फाटले. वहिनींनी फोन करून मला असं काही सुनावलं की मी पुढे सहा महिने करामातल्या त्या गल्लीने गेलो नाही. त्यांनीच मग त्या पिठात सुरमई घोळवून तळली आणि ती इतकी कुरकुरीत झाली की मला जेवायला बोलावलं. तेव्हा आमचा समेट झाला.

पण मला सांगायचंय ते अंतोनकाकांबद्दल.

दुबईच्या अल कूझ या कारखान्यांच्या भागात एक मोठं केटरिंगचं किचन होतं. शाळा, ऑफिसं, कंपन्यांच्या पार्ट्या असं हजारो लोकांचं जेवण तिथून जाई. तिथे सॉसच्या विभागाचा मुख्य अंतोन नावाचा वेंगुर्ल्याचा माणूस होता. वय पंचावन्नच्या पुढे. आधी बोटीवर, मग कुवेतला, मग इथे. उंच, काटकुळा, बोलणं कमी. किचनमधली मल्याळी, नेपाळी पोरं त्याला अंकल म्हणत, मी अंतोनकाका म्हणे. आमची दोघांची बोली एकच, त्यामुळे पहिल्या भेटीतच त्याने मला विचारलं होतं, "कुडाळात खयसर रे तू?" आणि मग गाव, वाडी, मामाचं घर अशी पुरी चौकशी झाली होती.

त्याचा रू मी पाहिला आहे. न्हाणीघरातल्या बंबाएवढ्या मोठ्या, ओतताना कलवता येणाऱ्या कढईत लोणी वितळायचं, त्यात पीठ पडायचं आणि मग अंतोनकाका होडीच्या वल्ह्याएवढा लाकडी उलथणा घेऊन उभा राहायचा. पाऊण तास ढवळणं. त्याला घड्याळ लागत नसे, रंगही तो फारसा बघत नसे. नाक. पांढऱ्या सॉसला कच्च्या पिठाचा वास जाईल तिथे थांबायचं, ब्राऊन ग्रेव्हीला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सुटेपर्यंत पुढे जायचं. तीस वर्षांत त्याच्या सॉसमध्ये कुणी गुठळी पाहिली नव्हती, असं त्या किचनमध्ये सांगत. मी गिरणीतला शिकलेला माणूस, पण त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपल्याला पिठातलं काही कळत नाही असं वाटायचं.

किचनचा मोठा शेफ ऑस्ट्रियन होता. त्याला ऑफिसात बोलावून मी छोट्या पातेल्यात सॉस करून दाखवला. त्याला तो पटला. "मोठ्या कढईत ट्रायल घेऊ," तो म्हणाला. मी खुशीत बाहेर आलो, तर कुट्टी नावाच्या मल्याळी कुकने मला भाजीच्या कोल्डरूमशी गाठलं.

"सावंत सर, अंकल का कंधा गया," तो म्हणाला. "हाथ ऊपर नहीं जाता. शेफ नहीं होता तब हम लोग हिलाता है. दो महीने में उसका वीसा रिन्यू का टाइम है. शेफ को मालूम पड़ेगा तो खलास."

आणि अंतोनकाकाची मुलगी बेळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वेंगुर्ल्याला परत जाऊन करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. म्हणजे दोन महिन्यांनी शेफ 'हो' म्हणाला तर सगळं तरणार होतं, 'नाही' म्हणाला तर पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहणार होतं.

मला वाटलं, देवासारखं धावून आलंय माझं पीठ. ढवळायलाच नको, मग खांद्याचं काय! मी हे अंतोनकाकाला सांगायला गेलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ढवळूचा नसात तर माका कित्याक ठेवतले?" मी 'बघू' म्हणून बोलणं ट्रायलवर नेलं. माल खपवायची घाई होती, आणि हा प्रश्न माझ्या कामात बसत नव्हता.

आठवड्याभराने बुधवारी ट्रायल ठरली. दोन पोती मी आधीच नेऊन टाकली. अंतोनकाकाला सांगितलं ते एवढंच की परतायचं नाही, लोणी लावायचं नाही, सरळ उकळत्या पाण्यात भुरभुरायचं. ते रवाळ दाणे कशासाठी, हे मी सांगितलं नाही. एवढ्या जुन्या माणसाला पीठ काय शिकवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर थोडा तोराही होता.

बुधवारी शेफ माझ्याशी बोलत उभा होता. अंतोनकाकाने स्टीलच्या डब्यातून मोजलेलं पीठ कढईत सोडलं. मिनिटभरात सगळं दिसलं. बोराएवढ्या गुठळ्या वर आल्या, फिरू लागल्या. कुट्टीने जोरजोरात ढवळलं, त्या आणखीच घट्ट झाल्या. शेफने झाऱ्याने एक उचलली, बोटांत चिरडली, आतून कोरडं पीठ सांडलं. "मिस्टर सावंत," तो म्हणाला, "धिस इज युअर मिरॅकल?" आणि किचन हसलं. जाताना त्याने एवढं म्हटलं की शनिवारी आणखी एकदा बघू, त्यानंतर नाही.

माझ्या पिठाची गुठळी होणं शक्यच नव्हतं. मी शंभर वेळा केलं होतं. मग राहिलं एकच. मागच्या दारी, जिथे ट्रक लागतात, तिथे मी अंतोनकाकाला गाठलं आणि बोललो. आपल्या बोलीतच बोललो, म्हणून ते जास्त लागणारं होतं. "काका, तुमी मुद्दाम केलंत. पीठ पास झाला तर आपली नोकरी जायत म्हणान तुमी मुद्दाम गुठळ्यो केलंत. माका सगळा कळता." तो ॲप्रनला हात पुसत आत निघून गेला. मला वाटलं, चोरी पकडली गेली. मी गाडीत बसून निघून आलो.

शनिवारी सकाळी सातला मी किचनवर हजर. पोत्यांवर नजर ठेवायची आणि डोळ्यांदेखत पीठ पडू द्यायचं, असा माझा बेत. स्टोअरचं दार अर्धं उघडं होतं. आत अंतोनकाका उपड्या क्रेटवर बसलेला. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. समोर बारीक जाळीची मोठी चाळण. डाव्या हाताच्या तळव्याने तो माझं पीठ चाळणीवर रगडत होता, दाणे मोडत होता, आणि खाली अगदी वस्त्रगाळ मैदा पडत होता.

मला पाहून तो दचकला नाही. उलट हळू आवाजात म्हणाला, "दार लाव. शेफाक दिसात."

"ह्या काय, काका?"

"अरे, तुझ्या पिठाक दमट लागली आसा. बघ, सगळा धरल्लां. पावसात धरता तसा. गोडावनात ठेवलंस तेच्यामुळे. शेफाक कळला तर तुझी अब्रू जायत. म्हणान चाळून ठेवतंय. पयल्या वेळाक पण चाळलंय, पण हात बरोबर चलाक नाय वाटता."

मी त्या पोत्यावरच बसलो. आमच्या कोकणातल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं. पावसाळ्यात पीठ धरतं, त्याचे गोळे होतात, आणि ते चाळल्याशिवाय, मोडल्याशिवाय वापरणं म्हणजे आळशीपणा. माझ्या आईनेही हेच केलं असतं. जगातल्या एका हुशार माणसाने वाफ देऊन जोडलेले दाणे हा माणूस एका हाताने, दुखऱ्या खांद्याने, दोन दोन तास बसून तोडत होता, आणि तेही गाववाल्याची लाज राखायला. मी मात्र त्याला मागच्या दारी उभं करून जे बोलायचं नाही ते बोललो होतो.

मी त्याला दाण्याची गोष्ट सांगितली. पोत्यातलं थोडं पीठ त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याने एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"ह्यो मुद्दाम केललो आसा?"

"होय."

"आणि मी तो मोडतंय!" असं म्हणून तो इतका हसला की त्याला खांदा धरावा लागला. मी माफी मागणार होतो. तेवढ्यात बाहेर शेफचा आवाज आला आणि ते तिथेच राहिलं.

त्या दिवशी पीठ सरळ पोत्यातून कोंबडी-मिरीच्या उकळत्या पाण्यात पडलं. दाणे वाळूसारखे सरसरत गेले, बुडाले, दिसेनासे झाले. अंतोनकाकाने डाव्या हाताने पळी दोनदा फिरवली असेल. सॉस दाट झाला, काचेसारखा गुळगुळीत. किचनमधला एकही माणूस जागेवर नव्हता, सगळे कढईभोवती. मला वाटतं माझ्या उभ्या नोकरीतला तो सगळ्यात सुंदर सॉस होता. मग शेफ वळला आणि हसत हसत म्हणाला, "सो अंतोन, नाऊ व्हॉट डू आय नीड यू फॉर?"

थट्टाच होती, पण निम्मीच. कुट्टीने खाली बघितलं. मीही खाली बघितलं, कारण हाच प्रश्न अंतोनकाकाने मला विचारला होता आणि मी तो टाळला होता.

अंतोनकाकाने चमचा घेतला, सॉस चाखला, जिभेवर थोडा वेळ ठेवला. "रॉ, शेफ," तो म्हणाला.

शेफने चाखला. "इट्स फाइन."

"नो शेफ. फ्लॉर टेस्ट. मोर कुकिंग."

मी पिठाच्या माहितीचा माझा कागद पुढे केला. त्यावर कंपनीने छापलं होतं की दोन मिनिटं उकळलं की झालं. शेफने कागद वाचला, अंतोनकाकाकडे बघितलं आणि अर्धा सॉस दुसऱ्या पातेल्यात काढायला लावला. उरलेला कढईत उकळत राहिला. अंतोनकाका वाकून वास घेत होता, कुणाकडेही बघत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला, डावा, आणि गॅस बंद करायला सांगितलं. शेफने दोन्ही चाखले. पुन्हा पहिला चाखला. मग मला चमचा दिला. मला फरक कळला आणि माझी मान खाली गेली. पहिल्या सॉसच्या शेवटी जिभेवर कणकेसारखं काहीतरी राहत होतं, दुसऱ्यात नुसती कोंबडी आणि मिरी. गेली कित्येक वर्षं मी गावभर कच्चा सॉस खाऊ घालत फिरलो होतो.

शेफने माझ्या कागदावरच्या 'दोन मिनिटं'वर काट मारली. "हाऊ मेनी?" त्याने विचारलं.

"मिनिट आय डोन्ट नो, शेफ," अंतोनकाका म्हणाला. "आय टेस्ट, आय टेल."

पुढच्या महिन्यात त्याचा वीसा रिन्यू झाला. शेफने कुठलं भाषण केलं नाही, फक्त सॉस विभागात ढवळायला दोन माणसं दिली आणि अंतोनकाकाच्या सहीशिवाय कढई उतरवायची नाही, असा नियम केला. त्या किचनची पिठाची ऑर्डर बघून आमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मी माझ्या कागदावरची ओळ बदलून घेतली. बदलायला कंपनीला दीड वर्ष लागलं, ते सोडा.

एक खंत मात्र आहे. त्यानंतर त्या किचनमध्ये रू कुणी केला नाही. नवी पोरं आली, त्यांनी लोण्यात परतलेल्या पिठाचा तो शेंगदाण्यासारखा वास घेतलाच नाही. माझ्या पिठाने ब्राऊन ग्रेव्हीला दाटपणा दिला, पण ती खमंग चव काही दिली नाही, रंगही बाहेरून घालावा लागे. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नसे. इथे सांगतोय.

अंतोनकाका आणखी सहा वर्षं राहिला. मुलगी नर्स झाली, बेळगावच्याच मोठ्या हॉस्पिटलात लागली, आणि मग त्यानेच कंपनीला सांगितलं की आता पुरे. तो जायच्या आधीच्या शुक्रवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. खोलीत चार पलंग, मधल्या जागेत त्याचा पुठ्ठ्याचा खोका, आणि तो गुडघा खोक्यावर ठेवून एका हाताने दोरी आवळत होता. मी दुसरं टोक धरलं. दोरी आवळता आवळताच म्हटलं, कारण समोरासमोर बसून मला ते बोलता आलं नसतं.

"काका, त्या बुधवारी ट्रकाकडे मी तुमका बोललंय, तां चुकीचा होता. सहा वर्सां मनात आसा. माफ करा."

त्याला आठवायला वेळ लागला. मग त्याने दोरी सोडली आणि खोक्यावरच बसला.

"मुद्दाम गुठळ्यो केलंत म्हणालंस, तां?"

"होय."

"अरे, तां तर माका बरा वाटला."

मला कळेना. तो माझ्याकडे बघत होता, आणि चेष्टा करत नव्हता.

"तीस वर्सांत माझ्या हातान गुठळी जावक नाय होती. त्या दिसा झाली. पोरां हसली. मी मनात म्हटलंय, अंतोना, खांदो गेलो होतो, आता हात पण गेलो, चल घराक. आणि तू इलंस, आणि रागान म्हणालंस, मुद्दाम केलंत." त्याने डोळे पुसले. "सगळ्या किचनात तू एकटो, सावंता. तुका एकट्याक वाटला, अंतोनाच्या हातान चुकान गुठळी होवचीच नाय."